शरीराचा उन्हाळा उशिरा येतो

होळी झाली की सह्याद्रीतल्या तलावांच्या काठी तंबूंची गर्दी वाढू लागते. पावसाळ्यातले निसरडे वाळलेले असते, थंडीचा कडाका ओसरलेला असतो आणि मे महिन्याची काहिली अजून लांब असते. पळस, पांगारा, काटेसावर यांच्या निष्पर्ण फांद्या फुलांनी लालभडक झालेल्या असतात. शनिवारी सकाळी मुंबई, पुणे किंवा नाशिकहून निघायचे, दुपारपर्यंत तलाव गाठायचा, रात्री शेकोटीभोवती गप्पा मारायच्या, रविवारी एखादा किल्ला नाहीतर शिखर चढायचे आणि रात्रीपर्यंत घरी परतायचे, असा हा दीड-दोन दिवसांचा बेत असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील भंडारदरा हे अशा बेतासाठी जणू नेमून दिलेले ठिकाण. प्रवरा नदीवरच्या विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्यामागे अडलेला आर्थर तलाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. भोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे डोंगर, एका टोकाला रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर, त्यावर उभा रतनगड आणि थोड्या अंतरावर १,६४६ मीटर उंचीचे, राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. मावळातला पवना, ताम्हिणीजवळचा मुळशी, दोडामार्गातला तिळारी या तलावांच्या काठीही याच दिवसांत वर्दळ असते.

अशा सहलीत काय सांभाळावे असे विचारले, तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी बिबट्या येतो. प्रत्यक्षात डॉक्टरांपुढे येणारे रुग्ण वेगळ्याच कारणांनी आलेले असतात. उन्हात कोसळलेला तरुण, मोहोळ उठल्यावर सापडलेला गट, पाण्यात पाय घसरलेला मुलगा, तंबूत सिगडी पेटवून झोपलेले मित्र. या सगळ्यांत एक धागा समान दिसतो. हवा इतकी आल्हाददायक असते की काही होईल असे कोणाला वाटतच नाही. मे महिन्यात माणूस आपोआप सावध असतो. मार्चमध्ये तो तसा नसतो. त्याचे शरीरही अजून उन्हाळ्यासाठी तयार झालेले नसते.

उन्हाची सवय म्हणजे नेमके काय?

चालताना किंवा चढताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. उरलेली सगळी उष्णता होते आणि ती शरीराबाहेर टाकावी लागते. त्यासाठीचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. नुसता निथळून गेलेला घाम मात्र शरीर थंड करत नाही. म्हणून दमट हवेत, किंवा अंगाला चिकटणारे जाड कृत्रिम धाग्याचे कपडे घातल्यावर, घाम भरपूर येऊनही अंग तापलेलेच राहते.

रोज थोडा वेळ उन्हात काम केले की शरीर बदलू लागते. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळे त्वचेकडे आणि स्नायूंकडे एकाच वेळी रक्त पुरवणे हृदयाला सोपे जाते. घाम लवकर सुटतो आणि जास्त सुटतो. घामातून जाणाऱ्या मिठाचे प्रमाण कमी होते. तेवढ्याच श्रमाला नाडीचे ठोके कमी पडतात. हे बदल पहिल्या चार-पाच दिवसांत सुरू होतात आणि पूर्ण व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. सवय मोडली की काही आठवड्यांत ते ओसरतात. म्हणजे गेल्या मे महिन्यात कमावलेली सहनशक्ती यंदाच्या मार्चमध्ये शिल्लक नसते. दिवसभर वातानुकूलित कार्यालयात आणि गाडीत बसणाऱ्याच्या अंगी ती एप्रिलमध्येही आलेली नसते.

हवामान मात्र कोणासाठी थांबत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत देशातले सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सर्व फेब्रुवारींमध्ये सर्वाधिक होते. वसंतातले गार दिवस आता कमी होत आहेत आणि जुन्या अंदाजावर आखलेला सहलीचा बेत चुकण्याची शक्यता वाढली आहे.

डोंगरावर आणखी एक फसगत होते. उंची शंभर मीटरने वाढली की तापमान साधारण अर्धा-पाऊण अंशाने उतरते. वारा असतो, घाम लगेच वाळतो. त्यामुळे ऊन लागत नाहीसे वाटते. सूर्याची अतिनील किरणे मात्र उंचीबरोबर थोडी वाढतच जातात. हजार मीटरला साधारण दहा टक्के. घाम वाळल्यामुळे किती पाणी गेले हेही कळत नाही. चढावर तासाला एक लिटर घाम जाणे ही असामान्य गोष्ट नव्हे.

थकवा आणि उष्माघात यांतली रेषा

बारी गावातून कळसूबाईवर जायचे तर साधारण आठशे-नऊशे मीटर उंची चढावी लागते. वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि वरच्या टप्प्यात सावली फार कमी. पहाटे पाचला निघालेला गट ऊन तापायच्या आत शिखरावर पोहोचून खाली उतरू लागतो. रात्री दोनपर्यंत जागून, नाश्ता करून नऊला निघालेला गट नेमका दुपारी बारा वाजता तापलेल्या कातळावर असतो. वाट तीच, माणसेही तशीच. पण दोन्ही गटांच्या शरीरावर पडणारा ताण अगदी वेगळा.

सुरुवातीला पोटऱ्यांत गोळे येतात, डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. हा उष्णतेचा थकवा. माणूस सावलीत आडवा केला, पाय थोडे उंच ठेवले, कपडे सैल केले आणि ओआरएसचे घोट दिले की अर्ध्या-पाऊण तासात बरे वाटू लागते. तरीही त्या दिवसाचा चढ तिथेच संपवावा. शिखर पुढच्या महिन्यातही तिथेच असणार आहे.

बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, उगाच चिडू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले की मेंदू, यकृत, मूत्रपिंड आणि स्नायू यांना इजा होऊ लागते. उष्माघातात कातडी कोरडीच असते, असे पूर्वीपासून सांगितले जाते. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात मात्र अंग घामाने भिजलेले असू शकते. त्यामुळे घाम येतो आहे म्हणजे धोका नाही, असे मानू नये.

यावर उपाय एकच, शरीर तातडीने थंड करणे. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आले, तर रुग्ण पूर्ण बरा होण्याची शक्यता चांगली असते. म्हणून आधी थंड करावे, मग हलवावे. जाडे कपडे काढावेत, असेल नसेल ते पाणी अंगावर ओतावे, ओल्या कापडाने अंग भिजते ठेवून सतत वारा घालावा. बर्फ असेल तर काखेत, जांघेत आणि मानेवर ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग होत नाही. हा संसर्गाने आलेला ताप नसतो. तसल्या तापावर चालणाऱ्या गोळीने तो उतरत नाही आणि आधीच ताणलेल्या यकृतावर भार पडतो.

पाणी किती प्यावे, यातही दोन्ही बाजूंनी चुका होतात. काही जण पाठीवरचे ओझे कमी करण्यासाठी पाचजणांत दोन बाटल्या नेतात. काही जण चार-पाच तासांत नुसते पाणी इतके पितात की रक्तातले सोडियम उतरते. मग डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपण आणि क्वचित झटकेही येतात. तहान लागेल तसे थोडे थोडे प्यावे, सोबत मीठ पोटात जाईल असे पाहावे. ताक, लिंबाचे मीठ-साखर घातलेले सरबत, शेंगदाण्याची चटणी-भाकरी हे सगळे चालते. लांब चढाला ओआरएसची पाकिटे न्यावीतच. लिटरभर पाण्यासाठीच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून आत येते. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत असंख्य जीव वाचवले. पाकीट एक लिटर पाण्यातच कालवावे. अर्ध्या बाटलीत अख्खे पाकीट टाकले तर ते द्रावण जास्त तीव्र होते आणि फायद्याऐवजी त्रास होतो.

फुलांचा मोसम, मोहोळांचाही

झाडे फुललेली असतात तेव्हा मधमाश्यांचेही काम जोरात असते. कडेकपारीत आणि उंच झाडांवर आग्या मोहोळाची मोठमोठी पोळी लटकलेली दिसतात. या माश्या आकाराने मोठ्या आणि पोळ्याच्या रक्षणाबाबत फार आक्रमक असतात. किल्ल्यांवर आणि लेण्यांत पर्यटकांवर मोहोळ उठल्याच्या बातम्या या दिवसांत वारंवार येतात. पोळ्यावर मारलेला दगड, खाली पेटवलेली शेकोटी, जवळून फिरवलेला ड्रोन, उग्र अत्तर, आरडाओरडा यांपैकी काहीही निमित्त ठरते.

पहिला डंख झाला की त्या जागेवर एक रसायन सुटते. त्याला पिकल्या केळ्यासारखा वास असतो आणि तो इतर माश्यांना तिथेच बोलावतो. म्हणून हातांनी माश्या मारत, झटकत जागीच उभे राहणे सर्वांत वाईट. डोके आणि चेहरा कापडाने झाकून वेगाने दूर जावे. गाडी किंवा घर असेल तर आत शिरून दारे-खिडक्या लावाव्यात. वाट कड्याच्या किंवा शिडीच्या बाजूची असेल, तर पळताना पडून होणारी इजा डंखांपेक्षा जास्त असते, हे ध्यानात ठेवावे. तलावात उडी मारण्याचा मोह टाळावा. माश्या पाण्यावर घोंघावत राहतात आणि डोके वर काढले की तोंडावर तुटून पडतात.

सुरक्षित जागी पोहोचल्यावर त्वचेत अडकलेल्या नांग्या लगेच काढाव्यात. चिमट्याने की नखाने, याला फार महत्त्व नाही. वेळ न घालवण्याला आहे, कारण नांगीला जोडलेली विषाची पिशवी त्यानंतरही काही क्षण विष सोडत राहते. थोडेच डंख असतील तर बर्फाचा शेक आणि वेदनाशामक गोळी पुरते. दोन प्रसंगी मात्र थेट रुग्णालय गाठावे. अंगभर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, घसा आवळणे, श्वासाला घरघर लागणे, चक्कर येऊन पडणे, ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे एका डंखानेही दिसू शकतात. अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शन जीव वाचवते. दुसरा प्रसंग म्हणजे पन्नास-शंभर किंवा त्याहून अधिक डंख. अशा रुग्णाला सुरुवातीला बरे वाटले तरी विषामुळे स्नायू आणि रक्तपेशी फुटून पुढच्या एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू शकतात. लघवी काळपट किंवा चहाच्या रंगाची झाली, कमी झाली, तर एक क्षणही थांबू नये.

शांत दिसणारे पाणी

धरणाचा तलाव आणि नैसर्गिक तळे यांत मोठा फरक आहे. धरणाच्या पाण्याखाली जुनी दरी बुडालेली असते. शेतांचे बांध, नाले, झाडांची खोडे, पडक्या भिंती. काठापासून चार पावले गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला पुरुषभर, असे तिथे सहज होते. मार्च-एप्रिलमध्ये शेतीसाठी आवर्तने सोडली जातात, तसे पाणी खाली जाते आणि एरवी बुडलेला गाळ उघडा पडतो. वरून भेगा पडलेला हा गाळ आत मऊ असतो. त्यात पाय रुतला की माणूस घाबरतो आणि तोल जातो. धरणाखालच्या नदीपात्रातही आवर्तनाच्या वेळी पाणी अचानक वाढते. दुपारी कोरड्या दिसलेल्या खडकांवर संध्याकाळी बसण्याआधी गावात विचारून घेतलेले बरे.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, ही चित्रपटांनी रुजवलेली समजूत आहे. खरे बुडणे बहुधा निःशब्द असते. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असते, श्वास घ्यायलाच फुरसत नसते, मग हाक कुठून मारणार? काठावरच्यांना तो खेळतोय असे वाटते. पोटात दारू असेल तर तोल, अंदाज आणि धाडस तिन्ही बिघडतात. अनेकदा एकाला वाचवायला उतरलेले दोघे-तिघेही बुडतात. पोहण्याचे आणि वाचवण्याचे प्रशिक्षण नसलेल्याने पाण्यात उतरू नये. दोर, ओढणी, काठी, रिकामे प्लॅस्टिकचे कॅन, गाडीची जादा ट्यूब, जे हाताला येईल ते टाकावे. लहान मुले काठावर असतील तेव्हा एका मोठ्या माणसाने, हातात मोबाइल न घेता, फक्त त्यांच्याकडे पाहण्याचे काम करावे. होडीत बसताना लाइफ जॅकेट घालून त्याचे पट्टे आवळावेत. मांडीवर ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून किंवा उलटा लटकवून पाणी काढत बसू नये. त्यात जाणारी मिनिटे मेंदूला परवडत नाहीत. त्याला पाठीवर झोपवून तोंडाने दोन श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटीमीटर खोल असे ३० दाब, पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे. बुडालेल्या माणसाला हवा न मिळाल्याने हृदय थांबलेले असते, म्हणून त्याच्या बाबतीत श्वास देण्याला विशेष महत्त्व आहे. वाचलेल्या माणसाला खोकला किंवा दम असेल तर तो हसत बोलत असला तरी रुग्णालयात तपासून घ्यावे.

तंबूतली रात्र

वसंतात दुपार तापते आणि पहाटे तलावाकाठी गारठा पडतो. बार्बेक्यू संपल्यावर अर्धवट विझलेली कोळशाची सिगडी ऊब मिळावी म्हणून तंबूत घेतली जाते आणि चेन बंद केली जाते. ही चूक जिवावर बेतते. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्याला जागही येत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा रुग्णात फसवा आकडा दाखवतो, कारण त्याला ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक कळत नाही. एकाच तंबूतल्या सगळ्यांची डोकी दुखू लागली तर कारण वायू, असे समजून आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे. सिगडी, स्टोव्ह, जनरेटर तंबूत किंवा तंबूच्या तोंडाशी नकोतच. थंडीवर उपाय म्हणजे जमिनीवर जाड चटई, कोरडे कपडे, कानटोपी आणि चांगली झोपण्याची पिशवी.

ऊन वाढते तसे साप आणि विंचू रात्री जास्त फिरू लागतात. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. नाग, घोणस, फुरसे यांच्या दंशाने वेदना आणि सूज येते, त्यामुळे ते लपत नाही. मण्यारीचे तसे नसते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश डासाच्या चाव्याएवढाही जाणवत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वास मंदावतो. सहलीत पहाटे पोटदुखी झाली की रात्रीच्या जेवणाला दोष दिला जातो. पापण्या मिटू लागल्या असतील तर तो दोष देत बसू नये. चेन पूर्ण बंद होणारा, तळ शिवलेला तंबू, झोपण्यापूर्वी अंथरूण झटकणे, अंधारात बॅटरीशिवाय न चालणे आणि सकाळी बूट उपडे करून घालणे, एवढ्याने यातले बरेच टळते.

साप चावल्यावर कापणे, चोखणे, दोरीने आवळून बांधणे, बर्फ लावणे यांतले काहीही करू नये. हाड मोडल्यावर बांधतात तसा हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष तिथे मोफत मिळते आणि ते नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, म्हणून साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नाही. रक्त गोठते की नाही, हे डॉक्टर काचेच्या नळीत वीस मिनिटे रक्त ठेवून पाहतात. एवढी साधी तपासणी ग्रामीण रुग्णालयातही होते. लाल विंचवाच्या दंशानंतर वेदनेबरोबर दरदरून घाम, थंडगार हातपाय आणि धाप लागली तर तेही तातडीचे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांत प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि त्यानंतर कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू बरेच कमी झाले.

या रात्रीचा फायदाही आहे आणि तो मोजलेला आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे केनेथ राइट आणि सहकाऱ्यांनी आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवले. सूर्याचा प्रकाश आणि शेकोटी याखेरीज उजेड नव्हता, बॅटरी आणि मोबाइलही नव्हते. आठवड्याअखेर त्यांच्या शरीरात झोपेचे संप्रेरक मेलॅटोनिन सुमारे दोन तास आधी स्रवू लागले होते. म्हणजे उशिरा झोपण्याची जडलेली सवय नुसत्या काळोखाने आणि दिवसाच्या उजेडाने मागे सरकली. आपल्याकडच्या तलावाकाठी मात्र रंगीत दिव्यांच्या माळा आणि मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपक असतात. ते बंद केले तर झोप चांगली लागते, पहाटे लवकर उठता येते आणि डोंगर उन्हाआधी चढून होतो. अभयारण्यातल्या प्राण्यांनाही शांतता मिळते.

निघण्यापूर्वी

साठी उलटलेले, गरोदर स्त्रिया, लहान मुले, हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेले यांनी तलावाची सहल जरूर करावी. उन्हातला चढ मात्र विचारपूर्वक. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी शरीरातले पाणी कमी होते, ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांनी घाम कमी येतो. गोळ्या मनाने बंद करू नयेत, जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये आणि चढताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्याने, किंवा आदल्या रात्री दारू घेतलेल्याने, त्या दिवशी डोंगर चढू नये.

मसाला लावलेले चिकन पाच तास गाडीत तसेच नेण्याची पद्धत जुलाब-उलट्यांना आमंत्रण देते. ते बर्फाच्या डब्यात न्यावे किंवा गावातच ताजे घ्यावे. तलावाचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी खळखळ उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून, सांगितला तेवढा वेळ थांबूनच प्यावे. सिंधुदुर्गात तिळारीच्या बाजूला जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि परतल्यावर अंगावर गोचीड शोधावी. दोडामार्ग परिसरात जानेवारी ते मे या काळात माकडताप पसरवणाऱ्या गोचिडी असतात. परतल्यावर दोन आठवड्यांत अचानक जोराचा ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठे गेलो होतो हे आवर्जून सांगावे.

जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, तिथे पोहोचायला किती वेळ लागतो आणि मोबाइलला रेंज कुठपर्यंत असते, हे तंबू ठोकण्याआधी विचारून घ्यावे. १०८ ची रुग्णवाहिका बोलावता येते, पण घाटरस्त्याने तिला यायला वेळ लागतो. म्हणून गटातला एक चालक रात्रभर दारूपासून लांब राहील, हे आधी ठरवावे. कुठे जातो आणि कधी परतणार, हे घरी आणि गावातल्या एका माणसाला सांगून ठेवावे. वाटेची माहिती असलेला स्थानिक वाटाड्या सोबत घेतला तर मोहोळ कुठे आहे, पाणी कुठे खोल आहे आणि सावली कुठे मिळेल, हे त्याला ठाऊक असते.

सर्वांत चांगली तयारी मात्र घरापासूनच सुरू होते. बेत ठरला की आधीचे दोन आठवडे रोज अर्धा-पाऊण तास, सुरुवातीला संध्याकाळच्या आणि मग थोड्या चढत्या उन्हात, घाम येईल असे चालावे. जिने चढावेत. पहिले दोन-तीन दिवस थकवा येईल, मग तेच अंतर सोपे वाटू लागेल. तेवढ्या दिवसांत शरीरातला उन्हाळा सुरू झालेला असतो. मग रविवारी पहाटे पाचला बारीतून निघालेला माणूस उजाडताना शिडीपाशी असतो, शिखरावर बसून खाली चमकणारे पाणी पाहतो आणि ऊन चढायच्या आत भाकरी खायला गावात परत येतो.